कानस सर आणि सोळा मॉडेम

शाळेत टेक्निकल विषय घेतलेल्यांना बाकीची पोरं ‘मिस्त्री’ म्हणायची. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होते, त्यामुळे मला त्यात चिडण्यासारखं काही वाटलं नाही. शाळेच्या मागे पत्र्याची शेड होती. लांब लाकडी टेबल आणि त्यावर लोखंड घट्ट पकडून ठेवणारे आठ वाइस, त्यातले दोन सटकणारे. म्हणून जेवणाची सुट्टी संपायच्या आधीच चांगला वाइस धरायला आम्ही पळायचो. शिकवणाऱ्या सरांना माघारी ‘कानस सर’ म्हणायचो. स्मरणिका समितीनं माझ्याकडं इंटरनेटवाल्या उद्योजकाची यशोगाथा मागितली आहे. यशाचा भाग त्यात थोडा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

१९८६ ची दहावी. मेल-फीमेल फिटिंगचा जॉब होता. एका पट्टीत चौकोनी खाच आणि दुसऱ्या पट्टीला त्यात बसणारी जीभ. दोन्ही कानशीनं घासून गुण्यात, म्हणजे काटकोनात आणायच्या, एकमेकींत बसवायच्या आणि सरांकडं न्यायच्या. सर तो जॉब खिडकीपुढं धरायचे आणि विचारायचे, “उजेड दिसतोय का?” माझ्या जॉबमध्ये डाव्या कोपऱ्यात दोऱ्याएवढा उजेड दिसत होता. जास्त घासलं गेलं होतं, आणि घासलेलं लोखंड काही परत चिकटत नाही. दुसऱ्या दिवशी मी वडिलांच्या लेथवरचं बोटभर ग्रीस काडेपेटीतून आणलं, त्यात लोखंडाचा कीस कालवला आणि फटीत दाबून वरून पुसून घेतलं. झकास काम झालं. खिडकीपुढं धरलं तर अंधार.

सरांनी जॉब बराच वेळ धरला. मग खिशातली चिंधी काढली, दोन्ही पट्ट्या सोडवल्या, पुसल्या, पुन्हा बसवल्या आणि माझ्याच हातात दिल्या. “आता बघ.” एवढंच. मारलं नाही, वडिलांना सांगितलं नाही. मार्क किती दिले ते मात्र मी इथं छापणार नाही.

पुढं डिप्लोमा आणि पुण्यातली नोकरी, त्यात सांगण्यासारखं काही नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला सरकारी व्हीएसएनएल कंपनीनं इंटरनेट सर्वांना खुलं केलं. १९९७ च्या दिवाळीत मी फोनवरून संगणक इंटरनेटला जोडणारा मॉडेम पिशवीत घालून गावी आलो. राजारामपुरीत एका मित्राच्या दुकानात एसटीडीचा फोन होता. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून अकरा वाजेपर्यंत भडंग खात बसलो आणि मग ०२१२ लावून पुण्याला जोडलो. मॉडेम किंचाळला, हॉटमेलचं पान वरून खाली ओळीओळीनं उतरायला लागलं. मित्राचे वडील मागं उभे होते. ते म्हणाले, “एवढ्या वेळात हा एसटीनं पुण्याला जाऊन आला असता की!” पण पान पुरतं उतरेपर्यंत तेही झोपायला गेले नाहीत. नोकरी सोडायचं मी त्या रात्री ठरवलं.

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारनं खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायला परवानगी दिली. आमच्यासारख्या एका भागापुरत्या धंद्याला ‘सी’ वर्गाचा परवाना आणि तीन लाखांची बँक गॅरंटी. त्यासाठी वडिलांनी फंडाचे पैसे काढून दिले. शाहूपुरीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. सोळा फोन लाइन, सोळा मॉडेम आणि त्या सगळ्यांच्या मागं इंटरनेटला कायम जोडलेली ६४ केबीपीएस वेगाची एकच लीज लाइन. म्हणजे सोळाही जण एकाच वेळी बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार. त्यात आपल्याकडचा पाऊस. खांबावरच्या जोडात पाणी गेलं की लाइन तुटायची आणि शिव्या आम्हाला. मी स्वतः लोकांच्या घरी जाऊन फोनची वायर सोलून पुन्हा पिळ्या मारल्या आहेत. उद्योजक म्हणतात तो हाच.

पुढच्याच वर्षी, १९९९ च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड ही वेबसाइटवाली कंपनी सत्यम इन्फोवेनं ४९९ कोटींना घेतल्याची बातमी आली. गुजरीपासून मार्केट यार्डापर्यंत जो तो मला विचारायला लागला, “तुझी कितीला जाणार?” आणि खरंच मुंबईहून पैसेवाले आले. त्यांचा पहिला प्रश्न, गिऱ्हाईक किती? आम्ही २५ आणि ५० तासांची पाकिटं विकायचो. तास संपले की बरेच जण परत यायचेच नाहीत, पण त्यांची नावं यादीत राहायची. मी कागदावर २,१०० लिहिलं. अगदीच खोटं नव्हतं. नावं होती.

त्यांच्याबरोबर एक तरुण इंजिनिअर होता, दिवसभर गप्प. संध्याकाळी त्यानं सर्व्हरपाशी खुर्ची ओढली आणि कोण कधी जोडलं गेलं त्याचा रेडियसचा लॉग उघडला. गेल्या तीस दिवसांत किती वेगवेगळ्या नावांनी डायल केलं, ते एका ओळीच्या कमांडनं मोजलं. ६४०. त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि म्हणाला, “चहा मिळेल का?”

मला चिंधी दिसली.

ते लोक परत आले नाहीत. मार्च २००० मध्ये अमेरिकेतल्या शेअर बाजाराचा नॅस्डॅक निर्देशांक ५,०४८ वर जाऊन घसरला, तेव्हा सगळीकडचाच पैसा आटला, म्हणून गावात मला सोयीस्कर कारण मिळालं. पंचवीस वर्षं मी तेच सांगत आलो, ‘बाजार पडला’. बाजार पडला हे खरं आहे, पण माझा व्यवहार त्याच्या तीन आठवडे आधीच मोडला होता. हे घरच्यांनाही आत्ता, इथं वाचूनच कळेल.

मॉडेमचा धंदा २००५ मध्ये बंद केला. ब्रॉडबँड आलं होतं, डायलअपला कोण विचारणार! गिऱ्हाइकांचे उरलेले तास पैशांत परत केले, त्याला सात महिने लागले. त्यानंतर गुळाच्या अडत्यांची पट्टी, हुपरीच्या चांदीवाल्यांचा माल आणि फौंड्र्यांची चलनं सांभाळणारं सॉफ्टवेअर करायला लागलो. आज साठ माणसं आहेत. आमच्याकडं बॅकअप ‘घेतलाय’ म्हटलेलं चालत नाही. दर शनिवारी तो दुसऱ्या मशीनवर उतरवून, उघडून दाखवायचा. पोरं वैतागतात. २०१९ च्या पुरात शिरोलीला हायवे बंद पडला आणि खालच्या मजल्यावर पाणी शिरलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी अडत्यांची बिलं निघत होती. तेव्हापासून जरा कमी वैतागतात.

समितीनं संगणक कक्षासाठी देणगी मागितली आहे, ती देतोच. परवा शाळेत आलो तेव्हा शेड पाडलेली दिसली. वाइस भंगारात गेले म्हणे. कुणी घेतले ते समितीतल्या कुणाला माहीत असेल तर कळवावं. सटकणारा असला तरी चालेल, एक मला हवा आहे.