एगेस्कोव्हच्या गढीत एक दिवस

डेन्मार्कमधील फ्यून बेटावरची एगेस्कोव्हची गढी आज सावकाश पाहिली. ‘एगेस्कोव्ह’ म्हणजे ओकचे रान. तळ्यात ओकचे खांब रोवून ही वास्तू उभारण्यासाठी अख्खे रान तोडावे लागले, अशी आख्यायिका आहे. १५३४ ते १५३६ च्या यादवीत शेतकऱ्यांनी सरदारांच्या अनेक गढ्या जाळल्या होत्या, त्यामुळे फ्रान्स ब्रोकेनहूस याने १५५४ मध्ये हे घर पुरे केले तेव्हा चहूबाजूंनी पाणी ठेवले आणि दोन लांबट इमारती एका जाड दुहेरी भिंतीने जोडल्या, म्हणजे एक शत्रूच्या हाती पडली तरी दुसरीतून लढता यावे. त्या भिंतीच्या पोटात जिने आणि विहीरही आहे!

मला मात्र रिगबोर्गच्या खोलीपाशी पाय काढवेना. लग्नाविना मूल झाले म्हणून तिच्या बापाने, लाउरिड्स ब्रोकेनहूसने, तिला १५९९ मध्ये इथे कोंडले. तो १६०४ मध्ये वारला, त्यानंतरच तिची सुटका झाली. मुलाचा बापही सरदार घराण्यातलाच होता, पण कोंडली गेली ती हीच.

वर माळ्यावर, शिखराखाली, एक लाकडी माणूस उशीवर निजलेला आहे. त्याला हलवले तर नाताळच्या रात्री गढी तळ्यात बुडेल, असे म्हणतात.

बाहेरची शेतजमीन पाहताना १७३३ चा कायदा आठवला, ज्याने कुळांच्या मुलांना जमीनदाराच्या हद्दीत जखडले आणि जो १७८८ मध्ये रद्द झाला. त्या कुळांची खोली मात्र आत कुठे दिसली नाही.