आधी बादली, मग रिकीब

दहावीची परीक्षा संपली त्या मे महिन्यात मी बारा दिवसांच्या घोडेस्वारी शिबिराला गेले. दिवे घाट चढून गेलं की सासवडच्या अलीकडे एका माळावर ती पागा होती. नऊ घोडे आणि आम्ही चौदा मुलं-मुली. तोवर माझं घोड्यावर बसणं झालं होतं ते माथेरानला. तिथे खासगी मोटारींना बंदी आहे, त्यामुळे बरेच जण घोड्यावरून फिरतात. पण लगाम मालकाच्या हातात असतो, आपण फक्त वर बसतो.

इथे पहिले तीन दिवस कोणालाच घोड्यावर बसू दिलं नाही. मुलं कुरकुरली, मीही कुरकुरले. पहाटे साडेपाचला उठून लीद भरायची, मग खरारा म्हणजे अंग ब्रशने घासणं, मग खूर साफ करणं. खूर उचलायचा तर घोड्याच्या खांद्याला खांदा लावून, तोंड त्याच्या शेपटीकडे करून उभं राहायचं आणि पायावरून हात हळूहळू खाली न्यायचा. तळव्याच्या मधला त्रिकोणी भाग मऊ असतो, त्याला खूर साफ करायचा लोखंडी आकडा लागू द्यायचा नाही. घोड्याला बरोबर पाठीमागचं दिसत नाही आणि नाकासमोरचं अगदी जवळचंही दिसत नाही, म्हणून बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जवळ जायचं. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. घोडा बुजला तर हात त्या दोरीबरोबर जातो.

हे सगळं शिबिराच्या सरांनी शिकवलं. हातात बसवलं ते मात्र घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारकाकांनी. काका पागेतच राहायचे, त्यांचे वडीलही मोतद्दार होते. नऊ घोड्यांत एक बुटकं भीमथडी तट्टू होतं, ते त्यांच्या विशेष मायेचं. धनगरांचे तळ हलतात तेव्हा पोरं, कोंबड्या, भांडी असा अख्खा संसार या तट्टांच्या पाठीवर असतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघितलं. भीमथडीला आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. मला त्याचा फार आनंद झाला.

माझ्याकडे चांदणी आली. कुमेत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची मारवाडी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. प्रत्येकाने आपल्या घोड्याची वही ठेवायची होती. चंदी म्हणजे दाणा किती, गवत किती, लीद किती वेळा, पाणी किती बादल्या. पंधरा लिटरची बादली, उन्हाळ्यात दिवसाला तीन तरी संपायला हव्यात.

चौथ्या दिवशी रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, पाय गेला. सर मधे उभे, हातात लांब दोरी, आणि आम्ही गोल फिरतोय. चालीपर्यंत ठीक होतं, दुडकीला, म्हणजे घोडा उड्या घेत हलकं धावतो तेव्हा, मात्र हाडं खिळखिळी होतात. घोडीच्या टापांबरोबर एक-दोन, एक-दोन म्हणत उठायचं-बसायचं असतं. मी गुडघे आवळून बसायची, त्यामुळे टाच वर यायची आणि रिकीब सुटायची. सातव्या दिवशी डाव्या खांद्यावर पडलेही. हेल्मेट होतं, खाली वाळू होती. सरांनी पाच मिनिटं बसवलं, बोटं हलवून बघितली आणि पुन्हा चढवलं. मांड खरी बसली ती त्यानंतर, कारण पडण्याची भीती एकदाची होऊन गेली होती.

आठव्या दिवशी ऊन फार होतं. दुपारी झोप अनावर झाली होती. चांदणीची बादली जागेवर दिसली, मी आत न डोकावता वहीत लिहिलं, ‘तीन’.

रात्री दहाच्या सुमारास काकांनी मला हाक मारून उठवलं. चांदणीने संध्याकाळचं गवत तसंच ठेवलं होतं. ती सारखी मान वळवून आपल्या कुशीकडे बघत होती, मागच्या पायाने पोटावर लाथ मारत होती, खाली बसायला बघत होती. पोटशूळ. सरांनी शिकवलं होतं तशी मी जबड्याच्या हाडाखाली बोटं ठेवून नाडी मोजली. स्वस्थ घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते, तिची 60 भरली. काका तिच्या कुशीला कान लावून उभे होते. आतड्यांची गुडगुड ऐकू यायला हवी, ती जवळजवळ नव्हती.

काकांनी बादली उचलली, माझ्यासमोर धरली. दुपारची ती बादली निम्मी भरलेली होती.

“बादली बगितलीस का नुसता आकडा लिवलास?”

मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “चालव तिला. लोळू द्यायची न्हाई.”

डॉक्टर पुण्याहून यायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ मी आणि काका आळीपाळीने तिला अंगणात फिरवत होतो. घोड्याला उलटी होत नाही. पोटात साचलेलं त्याला तोंडावाटे बाहेर टाकताच येत नाही, म्हणून साधी पोटदुखीही जिवावर बेतू शकते. हे मला तिसऱ्या दिवशीच शिकवलं होतं, मी पाठही केलं होतं. डॉक्टरांनी वेदनेचं इंजेक्शन दिलं, नाकातून पोटापर्यंत नळी घातली, त्यातून पाणी आणि तेल सोडलं. पाणी कमी पडल्याने आतली लीद घट्ट होऊन अडकली होती, असं ते म्हणाले. मी भिंतीला टेकून उभी होते. आईला फोन करावासा वाटला, केला नाही. चांदणीपासून हलायचं नव्हतं.

पहाटे साडेचारला तिने लीद टाकली. काकांनी टॉर्च मारून ती बघितली, हाताने फोडून बघितली आणि मग तिच्या मानेवर दोन थापा मारल्या. मी रडले, खूप रडले.

सकाळी सरांसमोर वही ठेवली आणि ‘तीन’वर काट मारली. मीच विचारलं, बादल्यांना आतून खुणा करू का? सरांनी तेलरंग दिला. दुपारभर बसून मी नऊही बादल्यांत पाच-पाच लिटरवर रेघा ओढल्या. तेव्हापासून सगळी मुलं पाणी लिटरमध्ये लिहायला लागली.

पुढचे दिवस मी भीमथडीवर बसले. चांदणीला सकाळ-संध्याकाळ हातात धरून चालवलं, चंदी थोडी थोडी सुरू केली, पाण्यात चिमूटभर मीठ घातलं की ती जास्त पिते का ते बघितलं. पीत होती. शेवटच्या दिवशी पालकांसमोर बाकीच्यांनी घोडे पळवून दाखवले, मी दुडकीत दोन फेऱ्या मारल्या. टाच खाली होती.

ही गोष्ट मी इथे लिहितेय कारण मुलांना शिबिराला पाठवणारे आईबाबा पहिला प्रश्न विचारतात, किती दिवसांत पळवायला शिकवतात? माझं सांगणं, पागेत जाऊन बघा. पाणी कोण बघतं, डॉक्टर किती लांब आहेत, चढण्याआधी मुलांना घोड्याजवळ किती दिवस ठेवतात, हे विचारा. गुळगुळीत तळव्याचे, थोडी टाच असलेले बूट द्या, म्हणजे पाय रिकिबीत अडकत नाही.

निघायच्या सकाळी आमची बस आठची होती. सव्वासातला मी शेवटची नोंद केली. आत हात घालून, रेघ बोटाने चाचपून लिहिलं: कालपासून 43 लिटर.