पवनचक्क्यांची फायबर रिंग: एकाच चरात टाकली तर ती रिंग नव्हे

साताऱ्याचं चाळकेवाडी-वनकुसवडे पठार असो की धुळ्याकडचा ब्राह्मणवेलचा माळ, पवनचक्क्या वाऱ्याच्या अंगाने डोंगरधारेवर ओळीने उभ्या असतात. प्रत्येक टॉवरच्या तळाशी एक नेटवर्क स्विच (माहिती पुढे पाठवणारं यंत्र) असतो आणि हे सगळे स्विच सिंगलमोड फायबरने (लांब अंतराच्या काचतंतूने) कंट्रोल रूमपर्यंत जोडलेले असतात. अशा लांबट मांडणीत सर्वात मोठी फसगत होते ती रिंगच्या, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क ठेवणाऱ्या गोल जोडणीच्या, बाबतीत.

आराखड्यात गोल काढलेला असतो, पण जाण्याचे आणि परतीचे कोअर (केबलमधले एकेक फायबर) एकाच केबलमध्ये असतात. एखादा स्विच बंद पडला तर ही रिंग निभावून नेते. केबलच तुटली तर दोन्ही बाजू एकदम जातात आणि पुढच्या सगळ्या चक्क्या स्क्रीनवरून नाहीशा होतात. रस्ता रुंद करणारा जेसीबी आला किंवा पावसाने चरातली माती वाहून केबलची नळी उघडी पडली, की तुटते ती केबलच. म्हणून शेजारच्या फीडरच्या (चक्क्यांची वीज वाहून नेणाऱ्या लाइनच्या) ओळीचं टोक जवळ असेल तर दोन्ही टोकं जोडून टाकावीत. एका ओळीने जायचं, दुसरीने परत यायचं. त्या जोडकेबलचा खर्च वाचवू नये, हे माझं ठाम मत आहे.

मात्र ओळी जोडल्या की रिंगमधले स्विच वाढतात. आरएसटीपी (संदेश रिंगमध्ये गोल फिरत राहू नयेत म्हणून एक दुवा बंद ठेवणारी पद्धत) वापरत असाल तर ‘मॅक्स एज’, म्हणजे तिचा संदेश किती स्विच पार करू शकतो याची मर्यादा, मूळ सेटिंगमध्ये 20 असतं. रिंग एका ठिकाणी तुटली की ती सरळ साखळी होते, आणि साखळी विसाच्या पुढे गेली की टोकाचे स्विच भरकटतात. हे मूल्य 40 पर्यंत वाढवता येतं. त्याहून मोठा विस्तार असेल तर रिंग दोन भागांत तोडा किंवा एमआरपी ही खास रिंगसाठीची पद्धत वापरा.

टोकं जोडणं शक्यच नसेल तर निदान एकाआड एक जोडणी करा. आठ चक्क्या असतील तर क्रम 1, 3, 5, 7 आणि परतताना 8, 6, 4, 2. सरळ क्रमाने आठव्यापर्यंत गेलात तर परतीची एकच लांबलचक लिंक सगळ्या जॉइंटमधून यावी लागते. एकाआड एक केल्यावर चक्क्यांमधली कुठलीही लिंक दोन चक्क्यांमधल्या अंतराच्या दुपटीहून लांब होत नाही, आणि ओळीतल्या कुठल्याही टप्प्यात चारच कोअर लागतात. तरीही केबल 24 कोअरची घ्यावी. पुढे मीटरिंग, कॅमेरे, दुसरी रिंग हे सगळं येतंच.

लॉसचा (वाटेत प्रकाश किती क्षीण होतो याचा) हिशेब कागदावर आधी करा. समजा कंट्रोल रूम पहिल्या चक्कीपासून 6 किलोमीटरवर आहे. 1310 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरमागे 0.35 डीबी (लॉस मोजायचं एकक) धरले तर 2.1. आठ स्प्लाइस (फायबर वितळवून केलेले सांधे), प्रत्येकी 0.1 धरून 0.8. चार कनेक्टर, प्रत्येकी 0.5 धरून 2. एकूण 4.9, त्यात पुढच्या दुरुस्त्यांसाठी 3 डीबी राखीव. 7.9 झाले. नेहमीचं गिगाबिट एलएक्स मॉड्यूल (स्विचमधला प्रकाश सोडणारा आणि वाचणारा भाग) सर्वात कमी -9.5 डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) सोडतं आणि -19 पर्यंत वाचतं, म्हणजे हातात 9.5 आहेत. जमतं. पण निळ्या यूपीसी (सरळ टोकाच्या) कनेक्टरला हिरवा एपीसी (तिरक्या टोकाचा) जोडला तर हा सगळा हिशेब कोलमडतो, आणि टर्मिनेशन बॉक्स उघडून पाहिल्याशिवाय ते कळतही नाही.

आता आकाशातली वीज. वळवाच्या दिवसांत पात्यांवर वीज पडते, ती टॉवरमधून अर्थिंगला जाते. जांभ्याच्या कातळात अर्थिंग चांगलं मिळत नाही, त्यामुळे त्या क्षणी टॉवरच्या तळाचं व्होल्टेज उसळतं. दोन टॉवरना जोडणाऱ्या केबलला स्टीलचं आर्मर (संरक्षक कवच) असेल तर प्रवाहाला शेजारच्या टॉवरकडे जायला आयती वाट मिळते. काचेच्या फायबरला प्रवाहाचं काही नसतं, पण आर्मर तापतं, आवरण जळतं, टर्मिनेशन बॉक्समध्ये ठिणगी पडते. त्यामुळे दोन टॉवरच्या मधे पूर्ण धातुविरहित, काचेच्या धाग्यांची केबल आणि ती 40 मिलिमीटरच्या एचडीपीई (टणक प्लॅस्टिकच्या) नळीत, हेच योग्य. उंदरांपासून नळी वाचवते, फक्त दोन्ही तोंडं एंड प्लगने बंद हवीत. आर्मरची केबल आधीच पडलेली असेल तर आर्मर एकाच टोकाला अर्थ करा आणि दुसऱ्या टोकाला मागे कापून इन्सुलेट करा. धातू नसलेली केबल लोकेटरवर (जमिनीखालची केबल शोधणाऱ्या यंत्रावर) सापडत नाही, म्हणून वर इशारा टेप आणि दर 200 मीटरला व प्रत्येक वळणावर रूट मार्कर हवाच.

पठारावरच्या वाऱ्यात उघड्यावर स्प्लायसिंग करू नका, गाडीत किंवा तंबूत बसा. क्लीव्हचा (कापलेल्या फायबरच्या टोकाचा) कोन एक अंशाच्या आत हवा. उंची आणि दमटपणा बदलला की मशीनच्या आर्कचं (फायबर वितळवणाऱ्या ठिणगीचं) कॅलिब्रेशन पुन्हा करा. ओटीडीआर (प्रकाश पाठवून लॉस आणि बिघाडाचं अंतर दाखवणारं यंत्र) दोन्ही टोकांकडून, 1310 आणि 1550 दोन्हींवर मारा. लॉस फक्त 1550 वर जास्त दिसला तर केबल कुठेतरी मुडपली आहे. दोन्हींवर सारखाच दिसला तर स्प्लाइस किंवा कनेक्टर तपासा.

टॉवरच्या आत वेगळी गोष्ट. नॅसेल (टॉवरच्या माथ्यावरची जनित्राची पेटी) वाऱ्याकडे वळतं तशी लोंबती केबल पिळत जाते आणि काही फेऱ्यांनंतर यंत्रणा ती उलगडते. इथे पिळाला चालणारीच केबल घ्या आणि ती प्लॅस्टिकच्या टायने आवळू नका. नॅसेलची लिंक ठराविक दिशेचा वारा असतानाच तुटत असेल, तर स्विच बदलण्याआधी हा लोंबता भाग बघा.

ओटीडीआरवर 2,340 मीटर दिसलं म्हणून रस्त्याने तेवढंच मोजून खणू नका. केबलच्या आतल्या नळकांडीतलं फायबर केबलपेक्षा एक-दोन टक्के लांब असतं, शिवाय प्रत्येक जॉइंटला 10-15 मीटरचा लूप ठेवलेला असतो. आवरणावरचे मीटरचे आकडे प्रत्येक जॉइंटला, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही केबलचे, टाकतानाच वहीत उतरवा आणि त्याची एक प्रत कंट्रोल रूममध्ये लावा.