मालीचा डाव: ट्रेडर घरात फिरवायचा की परमुलखात?

सिव्हिलायझेशन ६ या कॉम्प्युटर गेममध्ये मालीचा राजा मान्सा मुसाला घेऊन सुरू केलेला माझा डाव मध्ययुगात पोहोचला आहे. गॅदरिंग स्टॉर्म या एक्सपान्शनसकट, स्टँडर्ड स्पीड, पँजिया (एकच मोठा खंड) नकाशा. अजून एकही लढाई केलेली नाही आणि सध्या करायचीही नाही. या डावात मला एकच गोष्ट नीट पारखायची आहे: कोणत्या टप्प्यावर ट्रेडर, म्हणजे दोन शहरांमध्ये व्यापारी मार्ग चालवणारे युनिट, आपल्याच शहरांमध्ये फिरवायचे आणि कधी त्यांना परक्या राज्यात पाठवायचं.

आमच्या नागपूरच्या मंडळीत हा वाद दर रविवारी पेटतो. “माली खेळून राहिला न बे, मंग पैल्या ट्रेडरपासूनच गोल्ड घे ना,” असं एक भाऊ दरवेळी ऐकवतो. मालीचा स्वभाव बघता त्याचं म्हणणं वरवर पटतं. मालीच्या खाणी एक प्रॉडक्शन कमी आणि चार गोल्ड जास्त देतात. युनिट आणि इमारती बांधताना ३० टक्के प्रॉडक्शन कापलं जातं. त्यातून परदेशी मार्गावर, ट्रेडर ज्या शहरातून निघतो त्याच्या हद्दीतल्या प्रत्येक सपाट वाळवंटी टाइलमागे (नकाशाच्या घरामागे) एक गोल्ड मिळतं. तरीही माझं मत ठाम आहे: सुरुवातीचे ट्रेडर घरातच हवेत.

टर्न ६०पर्यंत

फॉरेन ट्रेड हे सिविक (संस्कृतीच्या शाखेतला टप्पा) झालं की पहिला मार्ग मिळतो. पुढचा प्रत्येक मार्ग मार्केट किंवा लाइटहाउसमागे एक असा वाढतो. एकाच शहरात दोन्ही बांधले तरी एकच धरला जातो, त्यामुळे मालीने सरळ सुगुबा (कमर्शियल हबच्या जागी मालीला मिळणारा खास डिस्ट्रिक्ट) आणि त्यात मार्केट हाच रस्ता धरावा.

देशांतर्गत मार्गाचं गणित परदेशी मार्गापेक्षा वेगळं चालतं. ट्रेडर ज्या शहरात पोहोचतो तिथल्या डिस्ट्रिक्टवर (शहराच्या खास कामाच्या विभागांवर) फळ ठरतं आणि ते मिळतं निघालेल्या शहराला. सिटी सेंटरचं एक अन्न आणि एक प्रॉडक्शन. होली साइट, कॅम्पस, थिएटर स्क्वेअर असेल तर प्रत्येकी एक अन्न वाढतं. कमर्शियल हब, हार्बर, एन्कॅम्पमेंट, इंडस्ट्रियल झोन असेल तर प्रत्येकी एक प्रॉडक्शन. म्हणून सगळ्या शहरांत डिस्ट्रिक्ट पातळ पसरवण्यापेक्षा एकच शहर आधी भरभक्कम करायचं आणि बाकीच्यांनी आपले ट्रेडर तिकडे पाठवायचे. नागपूर स्टेशनाजवळ दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा या दोन लाइनी एकमेकींना छेदतात, त्या एका जागेमुळे चारही दिशांचा माल इथून जातो. माझी राजधानी नियानी या डावात तेच काम करते.

नियानीत होली साइट आणि सुगुबा झाल्यावर तिकडे येणाऱ्या प्रत्येक देशी मार्गाला दोन अन्न आणि दोन प्रॉडक्शन मिळू लागलं. मग गव्हर्नर मॅग्नसला तिथे बसवून त्याचं सरप्लस लॉजिस्टिक्स हे प्रमोशन घेतलं. त्यामुळे नियानीत येणारा प्रत्येक मार्ग निघालेल्या शहराला आणखी दोन अन्न देतो. म्हणजे वाळवंटात नुकत्याच वसलेल्या, एका लोकसंख्येच्या शहराला एका ट्रेडरमागे चार अन्न आणि दोन प्रॉडक्शन. त्या वेळी एवढं दुसरं काहीच देऊ शकत नाही. तेवढ्याच काळात परदेशी मार्गाने जे गोल्ड दिलं असतं त्यात मॉन्युमेंटसारखी साधी इमारतही आली नसती.

ट्रेडर नव्या शहरात बांधायची गरज नाही, हे नव्या खेळाडूंना आवर्जून सांगतो. नियानीत तयार करा किंवा विकत घ्या. मोकळा असताना त्याला कोणत्याही आपल्या शहरात हलवता येतं.

रस्त्याचा फायदा वेगळाच. ट्रेडर जातो तिथे रस्ता आपोआप पडतो. माझ्या चौथ्या शहराचा सेटलर या रस्त्याने गेला तेव्हा डोंगराळ पट्टा ओलांडायला लागणारे टर्न चांगलेच वाचले.

मुदतीचं गणित

या भागावर कमी बोललं जातं, म्हणून जरा विस्ताराने. मार्ग एकदा धरला की मधेच मोडता येत नाही. सुरुवातीच्या युगांत स्टँडर्ड स्पीडला तो किमान २० टर्न चालतो, पुढच्या युगांत ही मुदत वाढते. पण ट्रेडरला प्रत्येक फेरी पूर्ण करून घरी यावंच लागतं. सहा टाइलवरच्या शहराची जाऊन-येऊन फेरी १२ टर्नची, त्यामुळे दोन फेऱ्यांत २४. आठ टाइलवरच्या शहराची फेरी १६ची, एका फेरीत २० होत नाहीत, म्हणून दुसरी फेरी लागते आणि ट्रेडर ३२ टर्न अडकतो. अकरा टाइलवरचं शहर मात्र एकाच फेरीत, २२ टर्नमध्ये मोकळं करतं. जवळचं शहर ट्रेडरला जास्त काळ बांधून ठेवू शकतं, हे लक्षात आल्यापासून मी मार्ग निवडताना आधी टाइल मोजतो. पुढे लवकरच ट्रेडर बाहेर वळवायचे असतील तर हे दहा टर्न फार मोलाचे असतात. बेटर ट्रेड स्क्रीन हा मॉड टाकला तर मार्गांची तुलना एका नजरेत करता येते.

टर्न १०० च्या पुढे

आता ट्रेडर बाहेर वळवायची वेळ आली. शेजार माझ्या नशिबाने चांगला मिळाला: पूर्वेला क्लिओपात्रा. इजिप्तकडे येणाऱ्या परदेशी मार्गाला इजिप्त दोन अन्न देतं, आणि वाळवंटी शहराला अन्नाचीच तर टंचाई असते. इतिहासातही मान्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोला थांबला होता आणि त्याने तिथे इतकं सोनं वाटलं की सोन्याचा भाव पडल्याचं तेव्हाच्या अरब लेखकांनी नोंदवलं आहे. हा योग पटावर जुळून आला तेव्हा खरंच आनंद झाला.

जमिनीवरचा मार्ग मुळात १५ टाइलपर्यंतच पोहोचतो आणि इजिप्तची शहरं त्यापलीकडे. मधे झांझिबार हे सिटी-स्टेट होतं. आधी एक ट्रेडर झांझिबारला पाठवला. तो मार्ग पूर्ण झाल्यावर तिथे ट्रेडिंग पोस्ट उभं राहिलं आणि तिथून पुढे पुन्हा १५ टाइलचा पल्ला मिळाला. झांझिबारची मागणीही व्यापारी मार्गाचीच होती, त्यामुळे एक एन्व्हॉयही (सिटी-स्टेटवर वजन वाढवणारा दूत) पदरात पडला. सिटी-स्टेटची अशी मागणी दिसली की मी गोल्डचा हिशोब बाजूला ठेवतो आणि ती आधी पूर्ण करतो.

आता निघायचं ठिकाण बघायचं. देशी मार्गात पोहोचायचं शहर महत्त्वाचं होतं, मालीच्या परदेशी मार्गात निघायचं. टिंबक्टूच्या हद्दीत नऊ सपाट वाळवंटी टाइल आहेत, म्हणून सगळे ट्रेडर तिकडे हलवले. हिशोब असा: वाळवंटाचे नऊ, इजिप्तच्या शहराच्या सिटी सेंटरचे तीन, कमर्शियल हबचे तीन, कॅरव्हॅन्सरीज पॉलिसीचे दोन, झांझिबारच्या पोस्टचा एक. एका मार्गामागे दर टर्नला अठरा गोल्ड, शिवाय दोन अन्न. सुगुबा असलेल्या शहरात खरेदी २० टक्के स्वस्त असल्याने हे अठरा प्रत्यक्षात आणखी जड पडतात. इमारती मी आता बांधत नाही, विकतच घेतो.

टाइल विकत घेण्याकडेही या नजरेने बघा. ६० गोल्डची एक सपाट वाळवंटी टाइल टिंबक्टूला जोडली आणि तिथून चार परदेशी ट्रेडर निघत असतील, तर ती १५ टर्नमध्ये वसूल होते आणि पुढे कायम देत राहते. फक्त एका शहरातून त्याच दुसऱ्या शहराला दोन मार्ग धरता येत नाहीत, म्हणून इजिप्तची वेगवेगळी शहरं आवाक्यात आणावी लागतात.

धोका अर्थात सगळा पूर्वेला जमा झाला आहे. क्लिओपात्राशी युद्ध झालं तर हे सगळे मार्ग एका झटक्यात जातील. म्हणून मैत्रीचा करार केला आणि त्याची मुदत संपताच नवा करायला टपून बसतो. रानटी टोळ्यांसाठी वाटेवर दोन टेकड्यांवर एकेक वॉरियर उभा आहे. जो भाग नजरेत असतो तिथे त्यांचा तळ पडत नाही, आणि लुटलेला ट्रेडर कायमचा गेलेला असतो.

सध्याची स्थिती

क्लासिकल युगात गोल्डन एज (चांगल्या कामगिरीमुळे मिळणारं सुवर्णयुग) लागलं. मालीला प्रत्येक गोल्डन एजमागे एक मार्ग कायमचा मिळतो, त्यामुळे पाच मार्ग झाले आहेत. चार टिंबक्टूहून इजिप्तला, एक नव्या दक्षिणेकडच्या शहरातून नियानीला. दक्षिणेचा मार्ग त्या शहराची लोकसंख्या चार होईपर्यंत हलवणार नाही, मग भाऊ काही म्हणो.

मार्को पोलो हा ग्रेट मर्चंट (पॉइंट साठवून मिळणारा खास व्यापारी) अजून कुणी घेतलेला नाही. त्याच्यासोबत एक ट्रेडर आणि एक जास्तीचा मार्ग येतो, म्हणून सुगुबांचे सगळे पॉइंट त्याच्यासाठी साठवतो आहे. तो मिळाला तर त्याला टिंबक्टूतच वापरायचा विचार आहे. तुमच्यापैकी कोणी मालीने समुद्राकडचे मार्ग धरून बघितले असतील तर आकड्यांसकट सांगा. पश्चिमेला माझा एक किनारा रिकामा पडला आहे आणि लाइटहाउस तिथे परवडेल की नाही हे अजून ठरवलेलं नाही.