आमची वाटचाल: कंपनीचा टेप न काढता

मानेवाडा रोडवर 2004 साली गाड्यांच्या टेप-स्पीकरचं दुकान टाकलं तेव्हा कामाची रीत सोपी होती. मारुती 800, ओम्नी नाहीतर इंडिका यायची आणि डॅशबोर्डमध्ये टेपच्या जागी बहुतेक वेळा नुसतं झाकण असायचं. ते काढून गिऱ्हाइकाच्या पसंतीचा टेप बसवायचा, मागच्या ट्रेला भोकं पाडून सहा बाय नऊचे ओव्हल स्पीकर टाकायचे. टेपच्या पाठीला हलका सिग्नल बाहेर काढायच्या आरसीएच्या पिना तयारच असत, त्यामुळे स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे अ‍ॅम्प, लावायला डोकं फारसं लागत नसे. उन्हाळ्यात मात्र खरी कमाई काळ्या फिल्मची. नागपूरचा मे महिना म्हटल्यावर गिऱ्हाईक शोधायला जावं लागत नव्हतं.

2012 साली सुप्रीम कोर्टाने काचेवरच्या फिल्मला मनाई केली आणि ती कमाई एका हंगामात बसली. त्याच सुमारास गाड्या टेप घेऊनच शोरूममधून निघू लागल्या होत्या. पुढे तर डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेले टचस्क्रीन आले: रिव्हर्स कॅमेरा त्यावरच, स्टिअरिंगची बटणं त्यालाच जोडलेली, काही गाड्यांत एसीची सेटिंगही तिथेच. तो काढून दुसरा बसवायचा म्हणजे अर्ध्या सोयींवर पाणी. धंद्यातले पुष्कळ जण सीट कव्हर आणि मॅटिंगकडे वळले. आम्ही ठरवलं, कंपनीचा टेप आहे तिथेच राहू द्यायचा आणि सिग्नल त्याच्याकडूनच घ्यायचा.

आता यातली गोम अशी. कंपनीच्या टेपमधून स्पीकरला जाणारा सिग्नल आतल्या चिपने आधीच वाढवलेला असतो. जाहिरातीत काहीही असो, चार ओहमच्या स्पीकरला खरे पंधरा-वीस वॉटच मिळतात. अ‍ॅम्पच्या आरसीए इनपुटला मात्र थोड्याच व्होल्टचा हलका सिग्नल लागतो. मध्ये सिग्नल हलका करणारा हाय-लो कन्व्हर्टर टाकावा लागतो, किंवा स्पीकरची वायर थेट घेणारा, हाय लेव्हल इनपुटचा अ‍ॅम्प निवडावा लागतो. आमच्याकडे नवा पोरगा आला की त्याच्या हाती आधी मल्टिमीटर देतो. टेप चालू करून आवाज शून्यावर ठेव, मीटर डीसीवर कर, एक टोक बॉडीला आणि दुसरं स्पीकरच्या वायरीला लाव. प्लस आणि मायनस दोन्हींवर सहा-सात व्होल्ट दिसतात. म्हणजे मायनसची वायर अर्थची, बॉडीला जोडलेली, नाही. ती बॉडीला टेकवली तर टेपची चिप जाऊ शकते. हेच सहा-सात व्होल्ट ओळखून काही अ‍ॅम्प आपोआप चालू होतात, त्यांना चालू करायला वेगळी रिमोटची वायर ओढावी लागत नाही. काही टेप तर स्पीकर जोडलाय की नाही हेही तपासतात. नाही दिसला की तो चॅनेल बंद. तिथे स्पीकरच्या वायरींना समांतर रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटा भाग, लावून टेपची समजूत घालावी लागते.

वायर कापायची नाही, हा नियम आम्ही सुरुवातीलाच घातला. टेपच्या मागे मिळतीजुळती कपलर (वायरी जोडायची खोबण) लावून मधूनच सिग्नल काढायचा. वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटरला गिऱ्हाइकाची हुज्जत होत नाही, आणि गाडी विकायची झाली तर सगळं काढून पूर्वीसारखं करता येतं. कपलरचे पैसे ऐकून तोंड वाकडं करणारे असतातच. करू देत.

धंद्याला खरा हात दिला तो समृद्धी महामार्गाने. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला आणि काही दिवसांतच तक्रारी एकाच सुरात येऊ लागल्या: "भाऊ, शिर्डीला जाऊन आलो. आवाज फुल केला की गाणं फाटून राहिलं." काँक्रीटचा रस्ता, ताशी 120 चा वेग, त्यावर टायरची घरघर, पंधरा वॉटांनी त्याच्याशी काय झुंजावं? त्यातून काही टेप मोठ्या आवाजाला बास स्वतःच कापतात, कंपनीचे छोटे स्पीकर फुटू नयेत म्हणून. मग अ‍ॅम्प कितीही चांगला लावा, बास वाजवणारा मोठा स्पीकर, वूफर, ऐन वेळी गळपटतो. अशा गाडीला डीएसपी, म्हणजे आवाज दुरुस्त करणारं डिजिटल यंत्र, घालून कापलेला बास भरून काढावा लागतो.

अ‍ॅम्पवरचं गेनचं बटण येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायला असतं, ते आवाजाचं बटण नव्हे, हे पटवण्यात आमची निम्मी शक्ती जाते. आधी टेपवर 1000 हर्ट्झचा टोन लावून ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या पडद्यावर, लाट बघतो. आवाज एकेक पायरी वाढवत न्यायचा; गोल माथे एका पायरीला सपाट होतात, कुणी तासणी फिरवल्यासारखे. त्याच्या एक पायरी खाली टेपची हद्द. मग स्पीकर सोडवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला मीटर लावायचा: 75 वॉटच्या चॅनेलला चार ओहमवर 17.3 व्होल्ट. तिथे गेन थांबतो. शेजारी उभा असलेला गिऱ्हाइकाचा मित्र "अजून थोडा वाढवा ना दादा" म्हणतोच.

वॉटचंही तसंच. डब्यावर 3000 वॉट छापलेलं आणि अ‍ॅम्पचा फ्यूज 30 अँपिअरचा. गाडी चालू असताना 14 व्होल्ट धरा, तर आत जाणार 420 वॉट. बाहेर 3000 कुठून येणार? मी हा हिशोब काउंटरवरच करून दाखवतो. काही जण तरी तोच डबा घेतात, पण शेजारच्या दुकानातून.

न दिसणाऱ्या कामात आम्ही हात आखडत नाही. पॉवरची वायर पूर्ण तांब्याची, वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियमवाली नाही. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, म्हणजे पुढे कुठे वायर घासली तर आग लागायच्या आधी तो उडेल. अर्थ घेताना बॉडीचा रंग पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडायचा. अर्थ कच्चा राहिला की इंजिन रेस केल्याबरोबर स्पीकरमधून शिटी चढत जाते. शिटी घेऊन आलेली गाडी आमच्याकडे आली की पहिला हात तिथेच जातो. शिवाय अ‍ॅम्प मॅटखाली दडपायचा नाही. 45 डिग्रीत उन्हात उभी राहिलेली गाडी आतून भट्टी असते, त्यात अ‍ॅम्प गरम होऊन स्वतःच बंद पडतो.

आता इलेक्ट्रिक गाड्याही येतात. त्यांतही 12 व्होल्टची वेगळी बॅटरी असते, आम्ही तेवढ्यावरच काम करतो. जास्त व्होल्टच्या नारिंगी केबलच्या आसपास स्क्रूही मारत नाही. महागड्या गाड्यांत कंपनीचाच अ‍ॅम्प असतो आणि त्याला सिग्नल डिजिटल जातो. त्यातल्या काही गाड्या आम्ही सरळ परत पाठवतो.

काम करायचं असेल तर गाडी सकाळी आणा, डिक्की रिकामी करून. अ‍ॅम्प आणि वूफर असेल तर संध्याकाळी मिळते, दरवाज्यांचं डॅम्पिंगही (पत्र्याची थरथर थांबवणारे थर लावणं) असेल तर मुक्कामी ठेवावी लागते. तान्ह्या पोळ्याला दुकान बंद असतं, त्या दिवशी आम्ही सगळे मारबतीची मिरवणूक बघायला इतवारीत.