देवाकडून उसने घेतलेले 400 डॉलर

तैवानमधल्या शिनचूला नोकरीला आलो त्या वर्षी ऑफिसात ‘वेया’ची जेवणावळ झाली. मला वाटलं, कंपनीची वार्षिक पार्टी. शेजारी बसलेल्या सहकारी मैत्रिणीने सांगितलं, हे मूळचं तुदीगुंगचं जेवण. इथले व्यापारी चांद्रमासाच्या 2 आणि 16 तारखेला त्याची पूजा करतात. वर्षातली शेवटची पूजा बाराव्या महिन्याच्या 16 तारखेला होते आणि तीच वेया.

तुदीगुंग म्हणजे जमिनीचा देव. पांढरी दाढी, हसरा चेहरा, हातात सोन्याची लगड. माझं आजोळ मालवणकडचं, त्यामुळे मला तो लगेच ओळखीचा वाटला. हा तर आपला जागेवाला! प्रत्येक वस्तीचा, शेताच्या बांधाचा वेगळा. जमीन पिकवतो तो, म्हणून धनही त्याच्याच हातात, असा साधा हिशोब. बाकी देवांकडे मागायचं असतं. त्याच्या एका देवळात मात्र रोख कर्ज मिळतं, असं मैत्रीण म्हणाली आणि आमचा रविवार ठरला.

ते देऊळ म्हणजे नानतौ जिल्ह्यातल्या चूशानजवळचं, शलियाओ वस्तीतलं त्झनान मंदिर. स्थापना 1745 सालची. शिनचूहून हायस्पीड रेल्वेने ताइचुंग अर्ध्या तासात येतं. तिथून चूशानकडे जाणाऱ्या बस आहेत, पुढचा थोडा रस्ता टॅक्सीने. चूशानला टॅक्सी मिळायला आम्हाला अर्धा तास उन्हात उभं राहावं लागलं. तिघे-चौघे असाल तर ताइचुंगपासूनच टॅक्सी ठरवा. देवळाचं नाव चिनी लिपीत फोनवर ठेवा. माझा उच्चार ऐकून चालक नुसता हसत होता.

देऊळ इतकं लहान, की आजूबाजूच्या पार्किंगमध्ये ते हरवून जाईल. गर्दी मात्र जत्रेची. आत शिरताना उजव्या हाताच्या दाराने जायचं, डावीकडच्या दाराने बाहेर पडायचं, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. हे शेवटचं आजीने शिकवलेलंच असल्यामुळे निदान तिथे तरी माझी चूक झाली नाही.

आता कर्जाची रीत. उदबत्ती लावायची, देवाला आपलं नाव, जन्मतारीख, पत्ता सांगायचा आणि पैसे कशासाठी हवेत ते बोलायचं. थोडक्यात गाऱ्हाणं घालायचं. फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारं मागे कोणी नसतं. मग कौल. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आला, तर देवाचा होकार. दोन्ही सपाट वर आले, तर देव हसतोय. दोन्ही फुगीर वर, म्हणजे नाही.

पहिल्याच फेकीत होकार आला, तर 600 तैवानी डॉलर मिळतात, म्हणजे आपले साधारण सोळा-सतराशे रुपये. नाही आला, तर पुन्हा टाकायचं, पण दर फेकीला 100 डॉलर कमी. सहाव्या फेकीला 100 उरतात. तीही हुकली, तर घरी जायचं आणि पुन्हा कधीतरी यायचं. मैत्रिणीवर देव आधी हसला, मग नाही म्हणाला, तिसऱ्या फेकीला हो म्हणाला. 400 डॉलर! खिडकीवर ओळखपत्र दाखवून नोंद झाली. मूळ ओळखपत्र लागतं, फोटोवर भागत नाही. मी ते सोबत न नेल्यामुळे नुसता बघ्या राहिलो.

हे पैसे खर्चायचे नसतात. धंद्याच्या गल्ल्यात किंवा बँकेच्या खात्यात ठेवायचे, म्हणजे ते इतर पैशांना ओढून आणतात. इथे त्याला ‘पैशाची आई’ म्हणतात. परतफेड वर्षभरात. व्याज ठरलेलं नाही, ज्याला जेवढं लाभलं तेवढं त्याने वर घालावं. न फेडल्यास काय, असं मी विचारलं, तेव्हा मैत्रिणीने मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं बघितलं.

आवारातल्या सोनेरी कोंबडीच्या पुतळ्याला हात लावायला रांग असते. लावली नाही तरी फार बिघडत नाही. स्वच्छतागृह मात्र चुकवू नका. बांबूच्या कोंबांच्या आकाराची भलीमोठी इमारत आहे, देवळापेक्षा जास्त फोटो तिचेच निघतात. ‘चूशान’चा अर्थच बांबूचा डोंगर, त्यामुळे बाहेरच्या दुकानांतही बांबूच्या चॉपस्टिक, डबे, चमचे. शाकाहारी असाल तर पाटीवर स्वस्तिकासारखं चिन्ह शोधा, तैवानमध्ये ते शाकाहारी जेवणाची खूण म्हणून वापरतात.

चिनी नववर्षाच्या दिवसांत जाऊ नका, आदल्या रात्रीपासून रांगा लागतात. आठवड्यातला मधला वार उत्तम. वेळ उरला, तर चूशानमध्येच 21 सप्टेंबर 1999 च्या भूकंपात सरकलेला भूस्तर जपून ठेवलेलं संग्रहालय आहे. जमिनीच्या देवाला भेटून झाल्यावर ते बघताना मला जरा वेगळंच वाटलं.

मैत्रिणीने ते 400 डॉलर लाल पाकिटात घालून ऑफिसच्या खणात ठेवलेत. परवा तिने कॅलेंडरवर पुढच्या वर्षीची तारीख लिहिली आणि खाली माझं नाव. या वेळी ओळखपत्र घेऊन ये, म्हणाली.