चालू ब्रेकरला हात कशाला लावायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि तुमच्याआधी चाकण, भोसरी, रांजणगावच्या कितीतरी साहेबांनी विचारलं म्हणून, एकदा नीट लिहूनच टाकतो. प्रश्न पॅनेलमधल्या एसीबीचा, म्हणजे मोठ्या एअर सर्किट ब्रेकरचा, आणि ठरलेला असतो : "एसीबी व्यवस्थित चालू आहे, कधी त्रास नाही, मग दरवर्षी शटडाऊन घेऊन टेस्टिंग कशाला?"

चालू आहे म्हणजे त्यातून करंट जातोय. तेवढं काम तांब्याची पट्टीही करते. ब्रेकरवर पैसे घातले ते फॉल्टच्या, म्हणजे शॉर्टसर्किटसारख्या बिघाडाच्या, वेळी त्यानं करंट तोडावा म्हणून, आणि ती वेळ वर्षानुवर्षं येत नाही. त्यामुळे तो करंट तोडेल की नाही, हे रोजच्या चालण्यावरून कळायला काही मार्गच नाही.

"तुम्हाला बिल करायचं असतं," असंही ऐकवतात. हो, माझं घर या टेस्टिंगवरच चालतं. पण म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही.

भोसरीतल्या एका कारखान्याचं सांगतो, नाव राहू दे. 1000 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, 433 व्होल्टच्या बाजूला 1600 अँपिअरचा ड्रॉ-आऊट (खणासारखा बाहेर ओढता येणारा) एसीबी, इनकमर म्हणून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची वीज पॅनेलमध्ये घेणारा मुख्य ब्रेकर. गुरुवार, म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. एचटी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची उच्च दाबाची बाजू आयसोलेट करून अर्थिंग केलेलं, पॅनेल पूर्ण डेड. इनकमर मात्र ऑनच होता, कारण ऑफचं बटण कोणी दाबू नका असं मी आदल्या दिवशीच बजावलं होतं. व्होल्टेज गेलं की ब्रेकर पाडणारी यूव्ही कॉईल नव्हती, त्यामुळे लाईट गेली तरी तो कधी पडत, म्हणजे ट्रिप होत, नसे. दर खंडेनवमीला त्याच्या दाराला झेंडूचा हार घालायचे; जुन्या हारांचे दोरे हँडलला तसेच गुंडाळलेले होते. मागच्या सगळ्या रिपोर्टांवर एकच शब्द : ओके.

रिलीजच्या, म्हणजे करंट मोजून ट्रिपचा हुकूम देणाऱ्या भागाच्या, सॉकेटला टेस्ट किट लावलं आणि इन्स्टंटेनियसचं (तत्काळ ट्रिपचं) सेटिंग ओलांडेल एवढा सिग्नल सोडला. रिलीजवर ट्रिपचा दिवा लागला. आतून 'टिक्' असा बारीक आवाज आला, म्हणजे रिलीजनं हुकूम दिला आणि पिन ट्रिप शाफ्टवर बसली. ब्रेकर ऑनच. खिडकीतली 'ऑन'ची खूण जागची हलली नाही. मी वायरमनकडे बघतोय, तो माझ्याकडे. मग त्यानं शेजारच्या केबल चेंबरचं दार लोटलं, ते आपटलं, आणि त्या हादऱ्यानं ब्रेकर धाडकन पडला.

स्प्रिंग चार्ज करून पुन्हा ऑन केला, पुन्हा सिग्नल दिला. क्षणात ट्रिप. तिसऱ्यांदा दिला, क्षणात ट्रिप.

"होतोय की! ओके लिहा," मेन्टेनन्स मॅनेजर म्हणाले. मी लिहिलं, "पहिल्या वेळी ट्रिप नाही, नंतर दोनदा ट्रिप." त्यावरून बरंच वाजलं. ऑडिटला हा कागद दाखवू कसा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यावरही वरून दबाव होता, हे मला दिसत होतं. मी रिपोर्ट बदलला नाही. त्या कारखान्यातून पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि ते मला आजही लागतं.

झालं होतं इतकंच : ट्रिप शाफ्ट आणि लॅचवरचं (ब्रेकर ऑन धरून ठेवणाऱ्या खटक्यावरचं) ग्रीस वाळून चिकट झालं होतं. पहिल्या हालचालीनं त्याची पकड सुटते आणि मग ब्रेकर नव्यासारखा वागतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी बटण दाबून ऑफ करतात, रॅक आऊट करून, म्हणजे पॅनेलबाहेर ओढून, टेबलावर घेतात आणि मग टेस्ट लावतात. तोवर खरी परीक्षा होऊन गेलेली असते, आणि ती कोणी पाहिलेली नसते. वरून स्प्रे मारून मोकळं होणारे तर उरलंसुरलं चांगलं ग्रीसही धुऊन काढतात.

त्या ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स (फॉल्टचा करंट अडवणारा त्याचा आतला विरोध) 5 टक्के धरा. बसबारवरचा (पॅनेलमधल्या मुख्य पट्ट्यांवरचा) फॉल्ट करंट 26 किलोअँपिअरच्या वर जातो. इनकमर अडकला तर तो तोडायची जबाबदारी एचटीच्या रिलेवर, म्हणजे फॉल्ट ओळखून तिकडचा ब्रेकर पाडणाऱ्या यंत्रावर. 22 केव्हीच्या बाजूला तोच फॉल्ट जेमतेम 500 अँपिअरच्या आसपास दिसतो. रिले आपली वेळ पूर्ण करून ट्रिप देईपर्यंत पॅनेलमध्ये आर्क (विजेचा भडका) पेटलेला असतो, आणि समोर माणूस उभा असू शकतो.

आणखी एक. मी वर केली तशा सेकंडरी इंजेक्शनमध्ये सिग्नल थेट रिलीजला जातो, सीटी (रिलीजसाठी करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) आणि त्याचं वायरिंग तपासलंच जात नाही. प्रायमरी इंजेक्शनमध्ये पोलमधून (प्रत्येक फेजच्या मुख्य कॉन्टॅक्टमधून) खरा करंट जातो, म्हणून मशीन जड, वेळ जास्त, बिलही जास्त. कोणतं केलं ते रिपोर्टवर लिहून मागा. कॉन्टॅक्ट रेझिस्टन्सचे आकडेही मागा : 1000 अँपिअरला 20 मायक्रोओहम म्हणजे एका पोलवर 20 वॅट उष्णता, 100 मायक्रोओहम झाले की 100 वॅट. नुसतं 'ओके' लिहिलेल्या कागदात हा फरक कुठे दिसणार?

पूर्वी मी ठासून सांगायचो : प्रत्येक ब्रेकर, दरवर्षी, सगळ्या टेस्ट. आता तेवढं ठासून सांगता येत नाही. दर रॅकिंगला, म्हणजे ब्रेकर आतबाहेर करताना, त्याला पॅनेलशी जोडणारे जॉ कॉन्टॅक्ट झिजतात. टेस्टसाठी खाली आणलेलं सेटिंग तसंच राहिलेलं मी दुसऱ्यांच्या कामात पाहिलंय. कधी सीटीचा प्लग अर्धवट बसवलेला असतो. म्हणजे चांगला ब्रेकर टेस्टिंगनंही बिघडू शकतो. हे मान्य केलं की माझ्यातला जुना माणूस लगेच म्हणतो, एकदा सूट दिलीस की हे लोक पाच वर्षं दार उघडणार नाहीत. त्याचंही खोटं नाही.

फाउंड्रीच्या धुळीत दरवर्षी आणि एसी खोलीत मॅन्युअलप्रमाणे जरा सैल, असं मी हल्ली सुचवतो. पण भोसरीची ती पॅनेल रूमही स्वच्छ होती, फरशी पुसलेली. त्यामुळे तुम्ही 'तीन वर्षांनी करू' म्हणालात तर माझ्या तोंडून हो निघत नाही, आणि दरवर्षीच हवं असं छातीठोकपणे सांगणंही आता जमत नाही. तोवर निदान एवढं करा : शटडाऊनच्या सकाळी वरून सप्लाय बंद केलात तरी इनकमर ऑनच ठेवा, आम्ही येईपर्यंत.